भडंगाची तिजोरी

आमच्या शनिवारच्या टोळक्यात कोणी नवा माणूस जेवायला आला, की केतकी आधीच दम देते, "तिजोरीचा विषय काढायचा नाही." कारण तो एकदा निघाला की वरण गार होतं. एक जण एक किस्सा सांगतो, दुसरा म्हणतो तसं नव्हतं झालं, आणि कसं झालं होतं ते सांगताना त्याला तिसराच आठवतो. असे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एखादी वस्तू विकत न आणता बनवायला घेतली, की ते सुताराच्या भुशासारखे कोपऱ्याकोपऱ्यात सापडत राहतात.

केतकी आज माहेरी गेली आहे, म्हणून सांगून घेतो.

आधी माणसं. नंदू माझा मित्र, केतकी त्याची बायको. दोघं बंगळुरूला सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतात. नंदू जन्माने मिरजेचा, पण इंजिनिअरिंगला पुण्यात राहिला आणि कायमचा पुणेरी झाला. म्हणजे चूक कबूल करण्याआधी तो 'चूक' या शब्दाची व्याख्या मागतो. बसू निपाणीचा, राहायला एचएसआर लेआउटमध्ये. घरात मराठी बोलतो, बाहेर कानडी, आणि भांडतो दोन्हीत. मी पंकज, नागपूरचा. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे कुठे मोडतं ते शोधून काढणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

नंदूच्या आईला, म्हणजे काकूंना, पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं.

"तू काय काम करतोस रे?"

"लोकांच्या कामातल्या चुका शोधतो, काकू."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात की."

"आमच्या गल्लीत हे सगळ्या बायका फुकट करतात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

* * *

काका गेल्यानंतर नंदूने आईला इकडे आणलं. काकू आल्या, पण राहायला आल्या नाहीत. त्यांची सूटकेस कधी रिकामी झालीच नाही. तिच्यातून साडी काढायची, नेसायची, धुऊन वाळवून पुन्हा तिच्यातच ठेवायची. उशीखाली एक निळा मखमली बटवा असायचा. आंघोळीला जाताना तो बरोबर न्यायच्या. आत काय आहे ते कोणी विचारलं नाही, कारण सोनं आहे हे सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं.

केतकीने त्यांच्यासाठी अख्खं कपाट रिकामं करून दिलं. काकूंनी बोटाने त्याचं दार लोटलं. ते हळूच सरकत आपलं आपण बंद झालं.

"याला कुलूप कुठाय?" काकूंनी विचारलं.

"कुलूप नसतं हो याला, आई."

"मग कपाट कशाला म्हणायचं," काकू म्हणाल्या आणि सूटकेस पलंगाखाली सरकवली. मिरजेच्या घरी त्यांचं लोखंडी कपाट होतं, कपाटात छोटी तिजोरी होती आणि तिची किल्ली आयुष्यभर त्यांच्या कमरेला होती. "इथं माझं असं काही ठेवायला जागाच नाही रे," त्या एकदा नंदूला म्हणाल्या, आणि दिवाळीनंतरचं परतीचं तिकीट त्यांनी त्याच्याकडूनच काढून घेतलं.

नंदूला आई हवी होती. घरात, कायमची. एवढं एक वाक्य तोंडाने बोलायचं होतं. त्याऐवजी पुढच्या शनिवारी तो आम्हाला म्हणाला, "मी तिजोरी बनवतोय. इलेक्ट्रॉनिक लॉकवाली."

"विकत काहून नाही घेत बे?" मी विचारलं.

"विकतच्या तिजोऱ्या चुटकीसरशी उघडतात. व्हिडिओ आहेत त्याचे."

"मग तुझी किती वेळात उघडंल?" बसूने विचारलं.

"माझी उघडणारच नाही," नंदू म्हणाला. हे वाक्य आम्ही पुढे त्याला फार वेळा ऐकवलं.

* * *

तिजोरीचा पत्र्याचा सांगाडा बंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या एका गल्लीत करायला दिला. नंदूने ड्रॉइंग असं काढलं होतं की त्यावरून उपग्रह झाला असता. दुकानातल्या अण्णांनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. बसू त्यांच्याशी कानडीत बोलला. अण्णा म्हणाले, "तोंदरे इल्ल." म्हणजे काही अडचण नाही.

ठरल्या दिवशी आम्ही घ्यायला गेलो. पेटी सुरेख झाली होती. जाड पत्रा, कोपरे घासलेले, दार चपखल. आणि वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, एक लांबट फट.

अण्णांचा मुख्य धंदा देवळांच्या हुंड्या, म्हणजे दानपेट्या, बनवण्याचा होता. ड्रॉइंगमध्ये बटणांची वायर जायला बाजूला एक फट दाखवलेली होती. अण्णांच्या हाताने ती सवयीने वर काढली. शिवाय भक्तांच्या बोटांना लागू नये म्हणून तिची कड गुळगुळीत करून दिली, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

नंदू त्या फटीत बोट फिरवत राहिला. बसू म्हणाला, "सरी, असू दे की. भक्तमंडळी येतील."

मालवाहू रिक्षावाला वजन बघून आधी नाहीच म्हणाला. मग त्याला ती फट दिसली. त्याने विचारलं, कुठलं देऊळ? बसूने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, सर्जापूर रोडला नवीन होतंय. रिक्षावाल्याने चप्पल काढून पेटीला हात लावला, आमच्याबरोबर ती लिफ्टपर्यंत उचलून आणली आणि घाम पुसत नमस्कार करून गेला. लिफ्टमध्ये तळमजल्यावरच्या अक्का भेटल्या. त्यांनी पर्समधून नाणं काढून फटीत टाकलं आणि हात जोडले.

"अक्का, ही तिजोरी आहे," नंदू म्हणाला.

"असू दे रे. सगळं देवाचंच ना?" अक्का म्हणाल्या.

नंदूने दुसऱ्याच दिवशी त्या फटीवर पट्टी ठोकून घेतली. ते नाणं काढायचं मात्र राहिलं.

पुढची अडचण अशी, की घरमालकाने भिंतीला भोक पाडायला मनाई केलेली. मी म्हणालो, मग चोर तिजोरी फोडेल कशाला, तो तिजोरीच घेऊन जाईल. तेव्हा नंदूने त्याचे व्यायामाचे डंबेल्स आणले आणि तळाशी नटबोल्टने आवळून टाकले. केतकी म्हणाली, घरात आल्यापासून त्यांचा हा पहिलाच उपयोग. तिजोरी आता आम्हा तिघांना मिळून हलेना.

"एवढं वजन जो उचलून नेईल ना," बसू म्हणाला, "त्याला आतलं बक्षीसच द्यायला पाहिजे."

* * *

पहिला डेमो शनिवारी दुपारी. नंदूने काकूंना खुर्चीवर बसवलं आणि ऑफिसात क्लायंटला सांगतात तसं सांगायला लागला. आकडे दाबायचे. मग वीज आतला खिळा मागे ओढते आणि दार उघडतं. बॅटरी आतच बसवली आहे, म्हणजे बाहेरून कोणी तिला हात लावू शकत नाही. आणि बॅटरी कधी संपलीच, तर आणीबाणीसाठी एक किल्ली आहे.

त्याने आकडे दाबले. काही झालं नाही. सकाळपासून तो एकटाच इतक्या वेळा डेमो करत बसला होता, की बॅटरी संपली होती.

"किल्ली कुठे आहे?" मी विचारलं.

"सुरक्षित जागी," नंदू म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. त्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे ती तिजोरीच होती.

मग आमच्या तिघांच्या डिग्र्या कामाला लागल्या. नंदू फळ्यावर सर्किट काढायला लागला. बसूने शिवाजीनगरला फोन लावला. मी बटणांच्या कडेने वायर सारून आत वीज देता येईल का, यावर बोलत होतो. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग उठून आत गेल्या आणि लोखंडी खलबत्ता आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन आल्या. स्वयंपाकघराचा ओटा घरमालकाच्या महागड्या दगडाचा होता, त्यावर केतकी कुटू देत नसे. तिजोरी उंचीला नेमकी होती आणि हलत तर अजिबात नव्हती. काकूंनी तिच्यावर खलबत्ता ठेवला आणि कूट करायला घेतला.

दोन-चार घाव बसले आणि तिजोरीचं दार आपोआप उघडलं. हादऱ्याने आतला खिळा स्प्रिंगवर उडून मागे गेला होता.

काकू कुटतच राहिल्या. "उघडीच होती की रे," म्हणाल्या.

त्या आठवड्यात नंदूने आतलं सगळं काढून टाकलं. खिळ्याच्या जागी मोटरने सरकणारा दांडा आला, बॅटरी बाहेर आली, किल्लीची भानगडच संपली. बसूने हातोड्याने मनसोक्त ठोकून बघितलं, दार हललं नाही. नंदू विजयाने आईकडे वळला.

"मग आता मी कूट कशावर करू?" काकूंनी विचारलं.

* * *

काकू तिजोरी वापरायला लागल्या, पण बटवा उशीखालीच राहिला. मी पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा बटणांकडे बघून मला हसू आलं. पांढऱ्या बटणांतली चारच पिवळी झाली होती. काकू स्वयंपाकातून उठून येत आणि तशाच हळदीच्या बोटांनी कोड दाबत. सगळ्यात पिवळं ते पहिलं, सगळ्यात फिकं ते शेवटचं. नंदूच्या जन्माचं साल. मी दाबलं, दार उघडलं.

आत एक लिंबू होतं.

"ठेवून बघत होते, जातंय का ते," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाल्या, "तुला पगार देतात ते बरोबरच आहे."

कोड कसा बदलायचा हे त्यांनी बसूला विचारलं. नंदूला विचारलं नाही, कारण तो आधी कोड म्हणजे काय इथून सुरुवात करेल, असं त्यांचं म्हणणं. नवा कोड त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवून उभं करून दाबला आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी पदराच्या टोकाने सगळी बटणं पुसायची सवय लावून घेतली.

"मलासुद्धा सांगायचा नाही का कोड?" नंदूने विचारलं.

"मग माझी कसली तिजोरी?"

नंदूला जरा लागलं. पण "माझी" हा शब्द त्याने मला त्या दिवसात तीन वेगवेगळ्या वेळी सांगितला.

* * *

काकूंच्या हातचं भडंग ही नंदूची जुनी कमजोरी. तो डब्यापाशी उभ्या उभ्या निम्मा डबा संपवतो. म्हणून काकूंनी भडंगाचा डबा तिजोरीत ठेवायला सुरुवात केली. स्टीलचा उभा डबा, त्यावर काकांचं नाव कोरलेलं, पूर्वी आपल्याकडे भांड्यांवर घालून घ्यायचे तसं.

इथे एक सांगायला हवं. लागोपाठ तीनदा चुकीचा कोड पडला तर भोंगा वाजेल, अशी सोय नंदूने केली होती. भोंगा म्हणून त्याने गाडी मागे घेताना वाजतो तो हॉर्न आणून बसवला होता. त्याची धून पार्किंगमध्ये गोड वाटते. चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये भयंकर वाटते.

एका दुपारी काकू खाली अक्कांकडे गेल्या होत्या. नंदू वर्क फ्रॉम होम. त्याने आधी स्वतःच्या लग्नाचं साल दाबलं, मग काकांच्या जन्माचं, मग आईबाबांच्या लग्नाचं. त्यानंतर धून सुरू झाली आणि ती बंद कशी करायची हे नंदूने ठरवलेलंच नव्हतं. सिक्युरिटीवाला काठी घेऊन धापा टाकत वर आला.

"सर, फोर्थ फ्लोर पे गाडी कौन रिवर्स ले रहा है?"

त्याच्या मागोमाग काकू आल्या. त्यांनी दोघांकडे बघितलं, दोघांना बाहेर उभं केलं, आत जाऊन कोड दाबून भोंगा बंद केला आणि बशी भरून घेऊन आल्या. पहिली बशी सिक्युरिटीवाल्याला दिली.

हे ऐकल्यावर मी नंदूला बाजूला घेतलं. म्हणालो, "काकू कोड विसरल्या तर? मास्टर कोड ठेवलाच पाहिजे." टेस्टर म्हणून माझं ते कर्तव्यच होतं. नंदूने गुपचूप ठेवला. काकू अक्कांकडे गेलेल्या असताना मी स्वतः तो टेस्ट केला, पहिल्या फटक्यात उघडला. तो भडंगासाठी वापरायचा नाही, अशी मी नंदूला माझ्यासमोर शपथ घ्यायला लावली. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी मीटिंगमध्ये असताना मला नंदूचा मेसेज आला. एकच शब्द, "ठेवला."

कशाबद्दल ते मला लगेच कळलं. उशीखालचा बटवा तिजोरीत गेला होता. शनिवारी मी विचारलं तेव्हा नंदूचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला की बंगळुरूच्या हवेत परागकण फार आहेत. पण सूटकेस अजून पलंगाखाली भरलेलीच होती, आणि तिकीटही होतं.

* * *

दिवाळी झाली. काकूंच्या निघायच्या दिवशी मी आणि बसू त्यांना निरोप द्यायला गेलो. गाडी संध्याकाळची होती. सूटकेस हॉलमध्ये येऊन उभी होती, तिच्याशेजारी अक्कांनी दिलेली लोणच्याची बरणी. नंदू सकाळपासून टॅक्सीच्या ॲपमध्ये डोकं घालून बसला होता आणि टॅक्सी काही बुक करत नव्हता. केतकी स्वयंपाकघरात विनाकारण भांडी वाजवत होती.

काकू बेडरूममध्ये तिजोरीपुढे उभ्या होत्या. आतून बटणांचा आवाज आला. थोड्या वेळाने परत आला, आणि आणखी एकदा. मग ती धून सुरू झाली.

इंटरकॉम वाजला. बसूने उचलला. सिक्युरिटीवाला होता. "सर, फिर भडंग?" त्याने शांतपणे विचारलं.

आम्ही सगळे आत गेलो. काकू म्हणाल्या, "कोड आठवत नाही रे."

"कालच तर उघडली होतीत ना, आई?" केतकी म्हणाली.

"काल आठवत होता. रात्री बदलला मी. आता आठवत नाही."

"आत काय आहे?"

"भडंगाचा डबा आहे. आणि बटवा."

"बटवा नंतर मी घेऊन येईन मिरजेला," नंदू म्हणाला. "सोनं इथे सुरक्षित आहे."

"सोनं कुठलं त्यात? घराची किल्ली आहे," काकू म्हणाल्या.

"मग दुसरी किल्ली?"

"दुसरी यांच्याकडे असायची. आता दोन्ही एकाच जुडग्यात ठेवते मी."

भोंगा इतका वेळ चालूच होता, तो आता दमून थांबला.

बसू पुढे झाला आणि त्याने तिजोरीच्या डोक्यावर दणका घातला. काही नाही. मी वाकून बटणं बघितली. सगळी लख्ख पुसलेली होती, हळदीचा कण नव्हता. मग मी नंदूकडे बघितलं.

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

नंदू पंख्याकडे बघत होता. "दुसरा मार्गच ठेवला नाही मी," तो म्हणाला. "शिवाजीनगरच्या अण्णांना बोलवून कापावी लागेल."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. बसूने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कापायची नाही," काकू म्हणाल्या. "तू केलेली वस्तू आहे. कापायची नाही."

"मग गाडी, आई?"

"आता कुलूप उघडल्याशिवाय मी तिथं जाऊन काय करू? दारात बसू?"

केतकीने तिकीट रद्दसुद्धा करून टाकलं होतं. फोन तिच्या हातातच होता. मग ती म्हणाली, "मी कुकर लावते. सगळे जेवूनच जा."

* * *

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. सूटकेस कपाटावर, पार मागे, आडवी ठेवलेली होती. कपाटाच्या दारातून काकूंच्या साडीचा काठ बाहेर आला होता. नंदू सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता, मांडीवर बशी. काकू आल्या आणि त्यांनी माझ्यापुढेही बशी ठेवली. भडंग, वर बारीक चिरलेला कांदा.

मी एक घास घेतला. मग माझी नजर टीपॉयवरच्या डब्यावर गेली. स्टीलचा उभा डबा, त्यावर कोरलेलं काकांचं नाव.

"काकू," मी म्हणालो, "हा डबा तर आत होता ना?"

नंदूचं चावणं थांबलं. केतकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काकूंनी सावकाश डब्याचं झाकण लावलं, पदराचं टोक घेऊन त्यावरची हळद पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझं काम काय म्हणाला होतास रे?"

"लोकांच्या चुका शोधायचं, काकू."

"आज शनिवार आहे ना?"

"हो."

"मग सुट्टी घे की," काकू म्हणाल्या, आणि माझ्या बशीत आणखी भडंग वाढलं.